जाळी हवी, कुलूप नको

आमच्या महिला मंडळात रस्त्याचा नाहीतर पुलाचा विषय निघाला, की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘अमेरिकेत बघा, कसं झटपट होतं सगळं!’’ परवाही तेच झालं. मीही सवयीने मान डोलावली. पण घरी येताना मनात आलं, हे खरंच आहे का? आणि असलं, तर कुणाच्या जिवावर?

एके काळी ते नक्की खरं होतं. न्यूयॉर्कची १०२ मजली एम्पायर स्टेट बिल्डिंग १७ मार्च १९३० ला बांधायला घेतली आणि १ मे १९३१ ला तिचं उद्‌घाटनसुद्धा झालं. साडेतेरा महिने फक्त! कोलोरॅडो नदीवरचं प्रचंड हूवर धरण तर मुदतीच्या दोन वर्षं आधी बांधून झालं. ऐन मंदीच्या काळात, हाताला काम नसलेल्या माणसांनी हे उभं केलं. कौतुक करावं तेवढं थोडंच.

पण या कौतुकाला दुसरी बाजूही आहे. हूवर धरणाच्या कामावर सरकारी हिशेबानेच ९६ कामगार गेले. बोगद्यात गाड्यांच्या धुराने जे गेले त्यांची नोंद ‘न्यूमोनिया’ अशी केली, असं कामगार सांगत. म्हणजे ते या हिशेबात धरलेलेच नाहीत. त्यांच्या बायकामुलांनी त्या ‘झटपट’ला काय म्हटलं असेल?

त्याच काळात सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल बांधला गेला. तिथे मुख्य इंजिनीअर जोसेफ स्ट्रॉस यांनी कामगारांच्या खाली भलीमोठी जाळी बांधायला लावली. एक लाख डॉलरहून जास्त खर्च आला. पण वरून पडलेले १९ जण त्या जाळीमुळे वाचले. फेब्रुवारी १९३७ मध्ये परातीचा एक भाग तुटून जाळीसकट खाली गेला, त्यात मात्र दहा जण गेले. जाळी म्हणजे काही जादू नव्हे. पण तिच्यामुळे काम रखडलं का? नाही. १९३३ च्या जानेवारीत सुरू झालेला पूल १९३७ च्या मे महिन्यात खुला झाला. मला वाटतं, चांगला नियम असा असावा. खाली माणसाला सांभाळणारा आणि वरचं काम चालू देणारा.

माणसं सांभाळायची तशी घरंही सांभाळायला हवीत. डिसेंबर १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ईस्ट ट्रेमाँट वस्तीत पत्रं आली, हमरस्ता येतोय, ९० दिवसांत घर सोडा. कुटुंबं होती १५३०! लिलियन एडेलस्टाइन नावाची एक गृहिणी उभी राहिली. रस्ता जरासा बाजूने नेला, तर जवळजवळ सगळी घरं वाचतात, हे या बायकांनी नकाशासकट दाखवून दिलं. पण रॉबर्ट मोझेस या बड्या अधिकाऱ्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. वस्ती गेली. पुढे मॅनहॅटनमधून असाच रस्ता न्यायचं ठरलं, तेव्हा जेन जेकब्ज ही तीन मुलांची आई, लेखिका, शेजारपाजार घेऊन लढली. तो रस्ता १९६९ मध्ये कायमचा रद्द झाला. १ जानेवारी १९७० ला पर्यावरणाचा राष्ट्रीय कायदा आला. आता सरकारला आधी परिणाम तपासणं भाग पडलं. बायकांचं म्हणणं कागदावर आलं म्हणा ना!

मग बिघडलं कुठे? जाळीचं हळूहळू कुलूप झालं. एकाच कोठीला दहा कुलपं आणि किल्ल्या दहा जावांकडे, अशी गत! २०१० ते २०१८ या काळात मोठ्या प्रकल्पाच्या एका पर्यावरण अहवालाला सरासरी साडेचार वर्षं लागली. पानं सहाशेच्या वर. मॅसॅच्युसेट्सच्या समुद्रात १३० पवनचक्क्या उभारायचा प्रस्ताव २००१ मध्ये आला. समुद्रकाठी बंगले असलेल्या श्रीमंतांनी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या आणि २०१७ मध्ये कंपनीने नाद सोडला. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २००८ मध्ये वेगवान रेल्वेला पैसे मंजूर केले. ती गाडी अजून धावलेली नाही. त्यात पैसा, जमीन अशी इतर कारणंही आहेत, पण परवानग्या आणि दावे यांचाही वाटा आहेच.

इथेच मला बोचतं. एडेलस्टाइनबाईंसारख्यांना मिळायला हवं होतं ते हत्यार आता चांगला वकील परवडणाऱ्यांच्या हाती गेलं. बंगलेवाल्याचं काय अडतं? रेल्वेची वाट बघते ती बसने कामावर जाणारी बाई.

अमेरिकेला आता काही जमतच नाही, असं मात्र नव्हे. जून २०२३ मध्ये फिलाडेल्फियात टँकरला आग लागून महामार्गाचा पूल कोसळला. राज्यपालांनी आणीबाणी जाहीर करून नेहमीच्या मंजुऱ्यांचा वेळ वाचवला, कामगार रात्रंदिवस राबले आणि १२ दिवसांत रस्ता पुन्हा सुरू झाला. रस्ता कुठून जाणार हे आधीच ठरलेलं होतं, कुणाचं घर पाडायचं नव्हतं, म्हणून ते शक्य झालं, हेही खरं. त्याच वर्षी नव्या कायद्याने मोठ्या अहवालाला दोन वर्षांची आणि साधारण दीडशे पानांची मर्यादा घातली. हे मला पटतं. सगळ्यांचं ऐका, गरिबाचं आधी ऐका, पण तारीख ठरवून ऐका आणि मग निर्णय द्या.

भीती एवढीच वाटते, की कुलूप काढायच्या घाईत कुणी जाळीच सोडून टाकू नये. तेव्हा मैत्रिणींनो, पुन्हा कुणी म्हणालं, ‘अमेरिकेत बघा कसं झटपट होतं,’ तर आपण एवढंच विचारू या, ‘‘हो, पण खाली जाळी बांधली होती का?’’