किल्ली कोणाच्या कनवटीला?

परवानगी मागणे हे आपल्याकडे परकेपणाचे लक्षण समजले जाते. शेजाऱ्याची शिडी, भावाची सायकल आणि मित्राचा वेळ न विचारता घेण्यातच आपल्याला जिव्हाळा वाटतो. या यादीत आता आणखी एका वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे दुसऱ्याचा फोन-नंबर. सोसायटीचा चिटणीस, पालकसभेतले उत्साही गृहस्थ, लग्नघरातला हौशी पुतण्या, ज्याने त्याने उठावे, व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढावा आणि दोनशे माणसांना एका दावणीला बांधावे! कोणी कुरकुर केलीच, तर उत्तर तयार असते : "तुम्हाला लपवायचे तरी काय आहे?"

हा प्रश्नच मुळी उर्मट आहे. माणूस घराला दार लावतो तो आत चोरीचा माल आहे म्हणून नव्हे. आत कोणाला घ्यायचे हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे म्हणून. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा एकमताने दिला. दिल्लीत मिळालेला हा हक्क गल्लीत मात्र गटचालकाच्या अंगठ्याखाली चिरडला जातो.

ही चालक मंडळी एका निकालाचा भलताच आधार घेतात. एका गटात कोणा सभासदाने एका स्त्री-सभासदाविषयी अश्लील भाषा वापरली. त्याला काढून टाकले नाही म्हणून चालकावरही गुन्हा दाखल झाला. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने चालकाविरुद्धची कारवाई रद्द केली. सभासद घेणे व काढणे एवढेच चालकाच्या हाती असते. तेव्हा संगनमत दिसल्याखेरीज दुसऱ्याच्या शब्दांचा गुन्हा त्याच्या माथी मारता येत नाही, असा त्या निकालाचा आशय. निकाल न्याय्यच आहे. परंतु त्यावरून 'चालकाला कसलीच जबाबदारी नाही' असे अनुमान काढणे ही शुद्ध लबाडी होय. दुसऱ्याचे बोलणे हे दुसऱ्याचे कर्म, कबूल! पण मला न विचारता गटात ओढणे आणि माझा नंबर शंभर अनोळखी लोकांपुढे मांडणे, हे कर्म कोणाचे? ते तर सर्वस्वी चालकाचेच! ज्या स्त्रीला त्यानंतर अपरात्री परक्यांचे फोन येऊ लागतात, तिने गट सोडून काय उपयोग? गट सोडता येतो. गेलेला नंबर परत येत नाही.

कंपनीही निर्दोष नाही. 'मला गटात कोणी घ्यावे' हे ठरवण्याची सोय तिने २०१९ साली दिली खरी. परंतु मूळची मांडणी 'कोणीही घ्यावे' अशीच ठेवली. म्हणजे दाराला कडी बसवली, आणि दार सताड उघडे ठेवूनच घर ताब्यात दिले! पुढे २०२२ साली इतरांचा मजकूर पुसण्याचा अधिकारही चालकाला मिळाला. अधिकार वाढत गेले. कर्तव्याचा मात्र कोठे उल्लेख नाही. आणि २०२३ चा विदा-संरक्षण कायदा? व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तो लागूच होत नाही. तेव्हा लग्नघरातला पुतण्या त्याच्या कक्षेबाहेरच राहणार.

म्हणून हा प्रश्न अखेर सभ्यतेचाच उरतो, आणि ही सभ्यता काही महाग नाही. आधी विचारावे. परस्पर भरती करण्याऐवजी निमंत्रणाचा दुवा पाठवावा. यायचे तो येईल. नुसती सूचनाच द्यायची असेल, तर प्रसारण-यादी वापरावी. तीत एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. काम संपले की गट मोडावा. लग्न लागल्यावर मांडव कोणी वर्षभर ठेवत नाही.

"एवढ्याने लोक दुरावतील," असे कोणी म्हणेल. विचारल्याने जो दुरावतो तो जवळचा नव्हताच. आणि ज्याला 'नाही' म्हणण्याची मुभाच नाही, त्याच्या गप्प बसण्याला संमती म्हणण्याचा अधिकार कोणत्याही चालकाला नाही.