तिसऱ्या मात्रेचा हिशेब

१० एप्रिल २०२२ हा रामनवमीचा दिवस होता. कोपरगावहून गोदावरीचे पाणी कावडींतून शिर्डीस नेण्याची जुनी प्रथा आहे, आणि दोन वर्षांच्या खंडानंतर त्या वर्षी शिर्डीचा उत्सव पुन्हा भाविकांच्या उपस्थितीत पार पडला. त्याआधी आठच दिवस, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, राज्य शासनाने करोनाविषयक सारे निर्बंध उठविले होते. नेमक्या ह्याच रामनवमीच्या दिवशी केंद्र सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लसीची तिसरी, म्हणजे वर्धक मात्रा खुली केली. मात्र साठीच्या आतील नागरिकांना ती खासगी केंद्रांवर पैसे मोजून घ्यावयाची होती. एका बाजूने शासन संकट सरल्याची ग्वाही देत होते आणि दुसऱ्या बाजूने त्याच संकटावरचा उपाय विकत घेण्यास सांगत होते. पुढील तीन महिन्यांत १८ ते ५९ वयोगटातील सुमारे ७७ कोटी लोकांपैकी एक टक्क्याहूनही कमी लोकांनी ही मात्रा घेतली, ह्यात नवल कसले?

ह्या अपयशाचे जे स्पष्टीकरण तेव्हा देण्यात आले ते आजही प्रचलित आहे. लोक कंटाळले होते, त्यांना भीती उरली नव्हती, म्हणून त्यांनी पाठ फिरविली, असे सांगितले जाते. सीरम इन्स्टिट्यूटचे प्रमुख अदर पूनावाला यांनीही ऑक्टोबर २०२२ मध्ये पुण्यात हेच कारण दिले आणि कोव्हिशील्डच्या सुमारे दहा कोटी मात्रा मुदतबाह्य झाल्याचे सांगितले. हे स्पष्टीकरण खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. लोकांना आलेले अनुभव क्रमाने मांडले, तर बेफिकिरीचा दोष एकट्या नागरिकांच्या माथी मारणे न्यायाचे ठरत नाही.

नऊ महिन्यांची मोजणी

वर्धक मात्रेची घोषणा २५ डिसेंबर २०२१ रोजी झाली आणि १० जानेवारी २०२२ पासून ती देण्यास आरंभ झाला. सरकारने तिला ‘दक्षता मात्रा’ म्हटले. प्रारंभी ती आरोग्य कर्मचारी, आघाडीवरील कर्मचारी आणि सहव्याधी असलेले साठीपुढील नागरिक यांच्यापुरतीच होती. सहव्याधीची अट १६ मार्चला गळून पडली. सर्वांना एक अट मात्र समान होती, ती म्हणजे दुसऱ्या मात्रेनंतर नऊ महिने, अर्थात ३९ आठवडे, पूर्ण झालेले असावेत.

ह्या अटीचा अर्थ प्रत्यक्षात काय झाला हे पाहण्यासारखे आहे. एखाद्या वृद्धाने एप्रिल २०२१ मध्ये कोव्हिशील्डची पहिली मात्रा घेतली असे समजू. मे महिन्यात दोन मात्रांमधील अंतर बारा ते सोळा आठवड्यांपर्यंत वाढविण्यात आले. त्यामुळे त्याची दुसरी मात्रा जुलैत झाली आणि तिसरीची पात्रता एप्रिल २०२२ मध्ये आली. ओमायक्रॉनची तिसरी लाट तर जानेवारीतच कळसाला पोहोचून फेब्रुवारीत ओसरलीही होती. म्हणजे ज्या लाटेच्या धास्तीने ही मात्रा जाहीर झाली ती लाट येऊन गेल्यावर अनेक वृद्धांची पाळी आली. नऊ महिन्यांचे अंतर सहा महिन्यांवर आले ते ६ जुलै २०२२ रोजी, म्हणजे आणखी उशिरा.

पाळी आल्याचे कळणार तरी कसे? त्यासाठी ‘कोविन’ ह्या व्यवस्थेतून मोबाइलवर संदेश येत असे. नव्याने नोंदणीची गरज नव्हती, आणि वेळ आगाऊ राखून किंवा थेट केंद्रावर जाऊन मात्रा घेण्याची मुभाही होती. कागदावर ही सोय चांगलीच होती. परंतु खेडोपाडी कित्येक वृद्धांची नोंद स्वतःच्या नव्हे, तर मुलाच्या, शेजाऱ्याच्या किंवा गावातल्या एखाद्या होतकरू तरुणाच्या क्रमांकावर झालेली होती. मुलगा पुण्याला किंवा नाशिकला कारखान्यात आणि आईवडील गावी, अशा कुटुंबात संदेश एकीकडे आणि मात्रेचा हक्कदार दुसरीकडे, असा प्रकार घडे. ‘कोविन’वर मराठीसह अन्य भारतीय भाषा आल्या त्याही जून २०२१ मध्ये, मोहीम सुरू होऊन जवळजवळ पाच महिने लोटल्यावर. त्याआधी मे महिन्यात अठरा वर्षांवरील तरुणांना केवळ संगणकीय नोंदणीनेच वेळ मिळत होती. तेव्हा शहरातील चपळ बोटांनी ग्रामीण केंद्रांवरील जागा काही क्षणांत पटकावल्या आणि गावकऱ्यांना आपल्याच आरोग्य केंद्राच्या दारात परक्यांच्या मोटारी पाहाव्या लागल्या. राज्याच्या अनेक भागांतून अशा तक्रारी आल्या होत्या. लस ही फोनवाल्यांची आहे, हा ग्रह तेव्हा एकदा बसला तो बसलाच.

त्यात एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप होता. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास पेटलेला हा संप उच्च न्यायालयाने दिलेल्या २२ एप्रिल २०२२ च्या मुदतीपर्यंत रेंगाळला. म्हणजे वृद्धांसाठी मात्रा सुरू झाली त्या पहिल्या तीन महिन्यांत ग्रामीण महाराष्ट्राची हक्काची गाडी बव्हंशी बंद होती. चासनळी, पोहेगाव किंवा दहीगाव बोलका येथील गुडघेदुखीने बेजार म्हातारीला कोपरगावी यावयाचे, तर खासगी जीपचे भाडे भरणे किंवा कुणाच्या मोटारसायकलीवर बसणे भाग होते. जुलैच्या मध्यापर्यंत मोफत मात्रेस पात्र असलेल्या ज्येष्ठ व कर्मचारी वर्गापैकी देशभरात सुमारे एक चतुर्थांश लोकांनीच ती घेतली होती. किंमत शून्य असूनही प्रतिसाद एवढाच असेल, तर प्रश्न निव्वळ किमतीचा नव्हता हे उघड आहे.

तीनशे शहाऐंशी रुपये

साठीच्या आतील लोकांपुढे मात्र किमतीचा प्रश्न होताच. विक्री सुरू होण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही प्रमुख लसींची किंमत २२५ रुपयांवर आणण्यात आली. त्यावर पाच टक्के कर आणि रुग्णालयाचे सेवाशुल्क कमाल १५० रुपये. बेरीज ३८६ रुपये २५ पैसे. शहरी मध्यमवर्गाला ही रक्कम किरकोळ वाटली. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २५६ रुपये होती. म्हणजे एका मात्रेसाठी दीड दिवसाची मजुरी, नवराबायकोसाठी तीन दिवसांची, आणि जाण्यायेण्याचा व बुडालेल्या रोजाचा खर्च निराळाच. शिवाय त्या वर्षी उसाचे विक्रमी पीक आल्याने राज्यातील गाळप हंगाम जूनपर्यंत लांबला. कोपरगावसारख्या दोन सहकारी साखर कारखान्यांच्या तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत ऊस तोडणाऱ्या मजुराने कोयता खाली ठेवून, आजारी नसताना, चारशे रुपये खर्चून दंडात सुई टोचून घ्यावी, ही अपेक्षाच मुळात अवास्तव होती.

पुरवठ्याची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. कोव्हिशील्डच्या एका कुपीत दहा मात्रा असतात आणि कुपी उघडल्यावर ती चार तासांत संपवावी लागते. महानगरातील मोठ्या रुग्णालयात दहा गिऱ्हाइके एका तासात जमतात. तालुक्याच्या गावी एखाद्या डॉक्टरने दोघांसाठी कुपी उघडली, तर उरलेल्या आठ मात्रांचा तोटा त्याच्या पदरी, आणि त्या दोघांना परत पाठविले तर ते पुन्हा येतील ह्याची खात्री नाही. एवढा धोका पत्करून हा व्यवहार करण्यास लहान रुग्णालये धजली नाहीत, तर त्यांना दोष देता येणार नाही. बाजारपेठ जेथे दाट तेथे लस मिळाली, विरळ तेथे मिळाली नाही. बाजाराने आपल्या स्वभावाप्रमाणेच काम केले. चूक झाली ती हे काम बाजाराकडे सोपविण्यात.

लसीचा लाभ केवळ ती घेणाऱ्यापुरता मर्यादित राहत नाही. गंभीर आजारी पडणाऱ्यांची संख्या घटली की रुग्णालयातील खाट दुसऱ्याला मोकळी राहते, शाळा उघड्या राहतात, गाळप थांबत नाही. अर्थशास्त्रात ह्यास बाह्य लाभ म्हणतात. अशा वस्तूची पूर्ण किंमत व्यक्तीकडून मागितली की ती समाजाला हवी असते त्याहून कमी घेतली जाते, हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असलेला सिद्धांत आहे. खर्चाची सबबही फारशी टिकत नाही. ७७ कोटी लोकांना २२५ रुपये दराने मात्रा द्यावयाची, तर खर्च सतरा हजार कोटींच्या घरात जातो. आदल्या वर्षी लसीकरणासाठी अर्थसंकल्पात ३५ हजार कोटींची तरतूद होती, ती २०२२-२३ साली पाच हजार कोटींवर आणण्यात आली होती. धोरण आधी ठरले आणि तरतूद मागाहून झाली, की तरतूद आधी आखडली आणि धोरण तिच्या मापाने बेतले गेले, असा प्रश्न येथे विचारणे गैर ठरू नये.

ज्यांना परवडत होते त्यांचे काय?

शिक्षक, लिपिक, महाविद्यालयीन विद्यार्थी ह्या वर्गाला ३८६ रुपये अगदीच अशक्य नव्हते. तरीही ह्या वर्गाने मात्रा घेतली नाही. कारण शोधावयास दूर जाण्याची गरज नाही. दुसऱ्या मात्रेच्या प्रमाणपत्राला व्यवहारात मोल होते. मुंबईची लोकलगाडी १५ ऑगस्ट २०२१ पासून त्यावरच मिळू लागली. २० ऑक्टोबर २०२१ ला महाविद्यालये उघडली तीही दोन्ही मात्रा घेतलेल्यांसाठीच. तिसऱ्या मात्रेच्या प्रमाणपत्राने कोणतेही दार उघडत नव्हते, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लसीची सक्ती करता येणार नाही असे स्पष्ट केले. सक्ती नसणे योग्यच. परंतु सक्तीची जागा लोकशिक्षणाने घ्यावयाची असते, ती रिकामीच राहिली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की किंमत ही स्वतःच एक संदेश असते. पहिल्या दोन मात्रा सरकारने दारोदार जाऊन फुकट दिल्या, तिसरी मात्र विकावयास ठेवली. सामान्य माणसाने ह्यातून सरळ निष्कर्ष काढला की, ही खरोखरच गरजेची असती तर सरकारने ती आधीसारखीच दिली असती. हा निष्कर्ष अडाणीपणाचा नव्हे. शासनाच्या वर्तनाचा तो तर्कशुद्ध अर्थ होता.

येथे दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. निरोगी तरुणांना तिसऱ्या मात्रेचा लाभ किती, ह्याविषयी तज्ज्ञांत एकमत नव्हते. बहुतेकांना दोन मात्रांबरोबरच संसर्गही होऊन गेला होता. सरकारला हेच पटले असेल तर तसे बोलून दाखवावयास हवे होते, आणि वृद्ध व व्याधिग्रस्त यांच्यावरच सारी शक्ती एकवटावयास हवी होती. सर्वांनी मात्रा घ्यावी असे म्हणावयाचे आणि देताना हात आखडता घ्यावयाचा, ह्या दुटप्पी भूमिकेने दोन्ही उद्दिष्टे हुकली.

मोफत झाल्यावर

अखेर १५ जुलै २०२२ पासून, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त, ७५ दिवसांसाठी ही मात्रा सरकारी केंद्रांवर सर्व प्रौढांना मोफत करण्यात आली. यात्रामार्ग, बसस्थानके, शाळा-महाविद्यालये येथे शिबिरे घेण्याच्या सूचना निघाल्या. त्या ७५ दिवसांत देशात १५ कोटी ९२ लाख मात्रा दिल्या गेल्या, म्हणजे दिवसाला सरासरी एकवीस लाख. त्याआधी साठीच्या आतील गटात सशुल्क मात्रांची सरासरी दिवसाला लाखभरही नव्हती. दोन्ही आकड्यांतील वयोगट अगदी समान नाहीत हे मान्य करूनही फरकाचा अर्थ झाकत नाही. जे लोक एप्रिलमध्ये ‘बेफिकीर’ ठरले होते तेच ऑगस्टमध्ये रांगेत उभे राहिले. माणसे तीच होती, बदलली ती व्यवस्था.

परंतु वेळ निघून गेली होती. पहिली मात्रा देशात १०२ कोटींहून अधिक, दुसरी ९५ कोटी, आणि तिसरी अवघी २२ कोटींच्या आसपास, असा मोहिमेचा शेवटचा ताळेबंद आहे. मात्रा न घेताच ‘आपण मात्रा घेतली आहे’ असे अभिनंदनाचे संदेश आल्याच्या तक्रारीही देशाच्या अनेक भागांतून झाल्या. उद्दिष्टपूर्तीच्या घाईत आकडा माणसापेक्षा मोठा झाला की असे घडते. पुढे २०२४ साली, कोव्हिशील्डशी साधर्म्य असलेल्या लसीमुळे क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, ही तज्ज्ञांना २०२१ पासून ठाऊक असलेली गोष्ट ब्रिटनमधील न्यायालयीन दाव्यामुळे नव्याने गाजली. तेव्हा खेड्यातील माणसाला तिचे प्रमाण किती अल्प आहे हे समजावून सांगणारा अधिकृत आवाज जवळपास नव्हता. शंकेला उत्तर मिळाले नाही की तिची अफवा होते.

पुढे काय?

महाराष्ट्राला लसीकरण नवे नाही. देवी काढणारा कर्मचारी गावोगाव पायपीट करीत असे, आणि लोक त्याला ‘देवी डॉक्टर’ म्हणून ओळखीत. देवीचा भारतातील अखेरचा रुग्ण १९७५ सालचा. पोलिओचा अखेरचा रुग्ण २०११ साली आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. ह्या दोन्ही विजयांत लस माणसाच्या शोधात निघाली होती. तिसऱ्या मात्रेच्या वेळी माणसाने लसीच्या शोधात निघावे अशी अपेक्षा होती.

‘कोविन’ टाकाऊ होते असे म्हणणे मात्र कृतघ्नपणाचे ठरेल. एवढ्या प्रचंड मोहिमेची नोंद ठेवणे आणि प्रमाणपत्र तत्काळ हाती देणे हे मोठेच काम होते. आक्षेप आहे तो नोंदवहीलाच दरवाजा बनविण्याला. आता त्याच धर्तीवर बालके व गर्भवती स्त्रिया यांच्या नित्य लसीकरणासाठी ‘यू-विन’ उभे राहिले आहे. प्रौढांसाठी नव्या लसीही येत राहतील. तेव्हा लस आवश्यक असेल तर ती मोफत असावी, आणि आवश्यक नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. पात्र व्यक्तींची यादी यंत्रात पडून न राहता आशा सेविकेच्या हाती यावी. शिबिराचा दिवस गावाच्या बाजाराचा आणि कामाचा हंगाम पाहून ठरावा. शंकांना उत्तर देण्याचे काम तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर नेमून द्यावे, आणि तेथील शाळा-महाविद्यालयांच्या अध्यापकांनी त्यास साथ द्यावी. ह्यातील एकाही गोष्टीला नव्या यंत्राची गरज नाही. पुढची साथ कधी येईल हे कोणाच्याही हाती नाही, परंतु ती येण्यापूर्वी ही घडी बसविणे शासनाच्या हाती निश्चितच आहे.