निसर्गफेरीचे दप्तर

पावसाळा सुरू झाला की तालुक्याच्या गावांतील व लहान शहरांतील संग्रहालयांच्या दारांवर निसर्गफेऱ्या, रानभाज्यांची प्रदर्शने, पक्षिनिरीक्षणाच्या सहली आणि मुलांसाठी पाने-फुले ओळखण्याच्या स्पर्धा यांचे फलक झळकू लागतात, आणि एरवी शाळांच्या सहलींखेरीज जेथे सहसा कोणी फिरकत नाही त्या दालनांत वर्दळ दिसू लागते. ही गोष्ट आम्हांला मनापासून आनंदाची वाटते. तुटपुंजे अनुदान आणि एखाद-दुसरा शिपाई एवढ्या बळावर जे अभिरक्षक हे उपक्रम नेटाने चालवितात त्यांच्या निष्ठेविषयी पूर्ण आदर बाळगून एक प्रश्न मात्र त्यांच्यापुढे ठेवावासा वाटतो : फेरी आटोपून मंडळी आपापल्या घरी गेल्यावर संग्रहालयाच्या दप्तरात त्या फेरीचे काय उरते? पुष्कळ ठिकाणी उपस्थितांच्या सह्यांचा कागद, काही छायाचित्रे आणि चहा-फराळाची पावती एवढेच उरते. अनुदानाचा हिशेब रुजू करण्यास ते पुरेसे असेल. संग्रह करणे हाच ज्या संस्थेचा धर्म तिला ते पुरेसे नाही.

आपल्याकडे संघटित निसर्गाभ्यासाची एक थोर परंपरा संग्रहालयाच्याच छपराखाली जन्मास आली, याचे स्मरण या प्रसंगी ठेवणे अगत्याचे आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईचे आठ रहिवासी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, एकत्र जमले, आणि दरमहा भेटून आपापली निरीक्षणे एकमेकांस सांगावी व हाती आलेले नमुने परस्परांस दाखवावे एवढ्या साध्या संकल्पावर त्यांनी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोन एतद्देशीय गृहस्थ होते : प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि डॉ. सखाराम अर्जुन, ज्यांचा मुंबई इलाख्यातील औषधींवरील इंग्रजी ग्रंथ १८७९ सालीच प्रसिद्ध झाला होता. बैठकींत जे बोलले जाई ते बोलण्यातच विरून न जावे म्हणून सोसायटीने १८८६ पासून आपले नियतकालिक काढले. आणि आठ हौशी माणसांच्या मासिक गप्पांतून अभ्यासकांस आजही उपयोगी पडणारा नोंदींचा साठा उभा राहिला तो या लिहून ठेवण्याच्या शिरस्त्यामुळे. पुढे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविभागात १९२६ साली सालिम अली मार्गदर्शक व्याख्याते म्हणून नेमले गेले, तेव्हा काचेच्या कपाटांतील पक्ष्यांविषयी प्रेक्षकांशी बोलणारा मनुष्य स्वतः रानात हिंडून टिपणे ठेवणारा होता. दालनातील कथन आणि रानातील निरीक्षण यांची अशी सांगड लहान संग्रहालयांनाही अशक्य नाही.

एक उदाहरण जवळून पाहावे. जूनच्या आरंभी ठाणे, पालघर, रायगड या जिल्ह्यांच्या बाजारांत शेवळे येतात. ही सुरणाच्या जातीची वनस्पती; पाने फुटण्यापूर्वीच तिचे फुलोऱ्याचे मिटलेले कोंब जमिनीतून वर येतात आणि आदिवासी स्त्रिया त्यांच्या जुड्या बांधून विकावयास बसतात. रानभाज्यांच्या प्रदर्शनात शेवळ्यांची जुडी मांडून तिच्यापुढे नावाची चिठ्ठी ठेवली की काम झाले असे समजण्याचा प्रघात आहे. परंतु विकणाऱ्या बाईच्या टोपलीत त्या जुडीशेजारीच काकडाची आंबट फळे असतात, कारण शेवळ्यांना खाज असते आणि आंबटाची जोड दिल्यावाचून ती भाजी घशाखाली उतरत नाही. आणि कोणता कोंब खुडावा, कोणता ठेवावा, कोणत्या उतारावर पूर्वी शेवळे उदंड येत आणि आता येत नाहीत, हेही तिलाच ठाऊक असते. हे ज्ञान चिठ्ठीवर नाही, वाळवून चिकटविलेल्या नमुन्याच्या कागदावरही नाही. त्या बाईला प्रदर्शनाच्या दिवशी मानाने बोलावून, खुर्ची देऊन, तिच्या वेळेचा मोबदला देऊन तिचे बोलणे तिच्याच शब्दांत उतरवून घेतले, आणि तिच्या संमतीने तिचे नाव त्या नोंदीखाली घातले, तरच संग्रहालयाच्या संग्रहात खरी भर पडली असे म्हणता येईल. तिला भाजी आणून देणारी म्हणून वागवायचे आणि माहिती मात्र पाहुण्या व्याख्यात्याने सांगायची, ही रीत आम्हांला अन्यायाची वाटते.

यासाठी काही मोठी तरतूद लागते असे नाही. संग्रहातील जिनसांची जशी नोंदवही असते तशीच फेऱ्यांची एक वही असावी. तीत तारीख, ठिकाण, पाहिलेली वस्तू, सांगणाऱ्याचे नाव आणि लिहून घेणाऱ्याची सही असावी. ठिकाण लिहिताना नुसते गाव न लिहिता शिवार, ओढा, टेकडीची बाजू लिहावी, कारण वीस वर्षांनी कोणास तीच जागा पुन्हा पाहावयाची झाली तर गावाच्या नावाने ती सापडणार नाही. नोंदीस क्रमांक द्यावा व दालनातील संबंधित जिनसेच्या नोंदीत तो लिहावा. नमुने गोळा करण्याचा मोह मात्र आवरावा. वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना धक्का लावणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली शिकारीच्या व्याख्येत मोडते, हे मुलांना फेरीच्या आरंभीच सांगितले पाहिजे.

जैविक विविधता अधिनियम, २००२ या कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेवर जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्या समितीचे मुख्य काम आहे. ही नोंदवही एकदा भरून कपाटात ठेवावयाची नसून दरसाल वाढत जावयाची आहे. आणि असे वाढते दप्तर जतन करण्याची सवय, जागा व शिस्त संग्रहालयापाशी असते. अभिरक्षकाने आपल्या समितीकडे स्वतः होऊन जावे, हुकमाची वाट पाहू नये.

मनुष्यबळ नाही, ही अडचण खरी आहे आणि ती आम्ही जाणतो. तिच्यावर आम्हांस सुचणारा उपाय हा की फेऱ्यांची संख्या कमी करावी. दर रविवारी नवे ठिकाण गाठण्यापेक्षा गावालगतचा एकच ओढा वर्षातून चार वेळा, त्याच मुलांना बरोबर घेऊन पाहावा : ज्येष्ठात पहिला लोंढा येऊन गेल्यावर, भाद्रपदात तेरडा फुलला असता, पौषात पाणी आटू लागल्यावर आणि वैशाखात पात्र कोरडे पडल्यावर. चार फेऱ्यांची नीट लिहिलेली चार टिपणे संग्रहालयात कायमची राहतील, आणि त्या मुलांना एका जागेची अशी ओळख होईल की जी धावत्या सहलींतून होत नाही. संख्येवरून कामाचे मोल ठरविणाऱ्या वरिष्ठांना हे पटविणे कठीण जाईल. तेथे अभिरक्षकांनी ती टिपणेच अहवालासोबत जोडावीत.

ज्या संग्रहालयांत असे दप्तर कोणत्याही स्वरूपात आजवर ठेवले गेले आहे त्यांनी आपल्या वहीच्या दोन-चार पानांच्या नकला, सांगणाऱ्यांची संमती घेऊन, आमच्याकडे धाडाव्यात. येत्या अंकांपासून त्या क्रमाने छापण्याचे आम्ही योजिले आहे, म्हणजे ज्यांना नव्याने आरंभ करावयाचा आहे त्यांच्यापुढे चालू वह्यांचे नमुने राहतील.