संगणकांतील दडलेलीं दप्तरें

ज्या कुटुंबांत एकच संगणक आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांच्या उपयोगांत असतो, तेथें एक तक्रार हटकून उद्भवते. कोणी छायाचित्रांचें फोल्डर उघडावयास जावें, तों खिडकी एकाएकीं मिटते, पडद्यावरील चिन्हें व खालची पट्टी नाहींशी होते, आणि ‘सगळें गेलें’ म्हणून घरांत आकांत होतो. या घाबरगुंडींत कोणी तरी फॉरमॅट करण्याचा सल्ला देतो. मग जें खरोखर गेलेलें नसतें, तेंहि जातें. सबब या विषयाचें थोडें विवेचन करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

विंडोज प्रणालींत फाइली दाखविण्याचें काम फाईल एक्स्प्लोरर हा कार्यक्रम करतो. १९९५ सालच्या विंडोज ९५ पासून तो विंडोज एक्स्प्लोरर या नांवानें रूढ होता. २०१२ सालच्या विंडोज ८ मध्यें त्याचें नांव पालटलें. पडद्यावरील चिन्हें व खालची पट्टी हींहि तोच मांडतो. म्हणून तो कोसळला कीं सर्वच दिसेनासें होतें. परंतु तो दप्तरखान्यांतील कारकून आहे, दप्तर नव्हे. कारकुनास घेरी आली म्हणून कागद जळत नाहींत.

अशा वेळीं कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. टास्क मॅनेजर उघडेल. त्यांतील ‘विंडोज एक्स्प्लोरर’ ही ओळ निवडून ‘रीस्टार्ट’ म्हणावें. मात्र फाइलींची नक्कल चालूं असल्यास ती अपुरी राहते, हें ध्यानांत ठेवावें.

दुखणें वारंवार उलटत असेल, तर तें केव्हां उलटतें हें पहावें. उजवी कळ दाबतांच खिडकी मिटत असेल, तर संशय परक्या कार्यक्रमांवर घ्यावा. कारण ते त्या यादींत आपलें कलम घालतात, आणि तें एक्स्प्लोररच्याच पोटांत चालतें. अलीकडे बसविलेले कार्यक्रम एकेक काढून पहावे. चित्रांच्याच फोल्डरांत अडत असेल, तर ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्यें लघुचित्रांऐवजीं नुसतीं चिन्हें दाखविण्याची योजना करावी. उघडतांच मिटत असेल, तर तेथेंच ‘क्लिअर’ म्हणून मागील इतिहास पुसावा. त्यानें मूळ फाइलींस धक्का लागत नाहीं. पण डिस्कमधून विचित्र आवाज येऊं लागले, तर इतर उपाय बाजूस ठेवून महत्त्वाचे कागद प्रथम दुसरीकडे उतरवून घ्यावे.

आतां दडलेल्या फोल्डरांविषयीं. विंडोज ११ मध्यें ‘व्ह्यू’, ‘शो’, ‘हिडन आयटेम्स’ या क्रमानें गेल्यास तीं फिकट रंगांत दिसतात. विंडोज १० मध्यें ‘व्ह्यू’ या सदरांतच ती खूण आहे. ‘ॲपडेटा’ नांवाचें फोल्डर असेंच दडलेलें असतें. त्यांत निरनिराळ्या कार्यक्रमांच्या योजना व ब्राउझरमध्यें जपलेल्या खुणा राहतात. अडगळ समजून तें साफ करणें म्हणजे केर काढतांना फडताळांतील किल्ल्या फेंकण्यासारखें आहे.

पेन ड्राइव्ह रिकामा दिसला, तरीहि घाई करूं नये. कांहीं विषाणू खरीं फोल्डरें दडवितात व त्याच नांवाचे शॉर्टकट पुढें मांडतात. त्या शॉर्टकटांस हात न लावतां प्रथम विषाणुरोधकानें तपासणी करावी. मग ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्यें प्रणालीच्या संरक्षित फाइली झांकण्याची खूणहि तात्पुरती काढावी. मूळ फोल्डर दिसतांच त्याच्या आंतील सामग्री संगणकावर नव्या फोल्डरांत उतरवून घ्यावी व ती खूण पूर्ववत् करावी. आजीचीं छायाचित्रें किंवा वाटणीचे कागद अशा वेळीं बहुधा जागच्या जागींच असतात.

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दडविणें म्हणजे कुलूप लावणें नव्हे. वर सांगितलेली खूण कोणासहि उघडतां येते. प्रवेश नाकारल्याची सूचना येते ती निराळ्या कारणानें, म्हणजे अधिकार नसल्यामुळें. तींतहि व्यवस्थापकाच्या खात्यावरून ‘कंटिन्यू’ म्हटल्यास दुसऱ्याचें फोल्डर बहुधा उघडतें, आणि तो अधिकार मागाहून कायम राहतो. म्हणून व्यवस्थापकाचें खातें घरांतील एका जबाबदार माणसाकडे असावें. इतरांस आपापलीं साधीं खातीं व आपापले परवलीचे शब्द असावे. सुनेचीं पत्रें, मुलाचा अभ्यास व वडिलांचे हिशेब हीं एकाच छपराखालीं असलीं, तरी एकमेकांच्या नजरेखालीं असलींच पाहिजेत असें नाहीं. तसेंच, सर्वांच्या उपयोगाच्या कागदांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून ती कपाटांत जपावी, म्हणजे कारकून कितीहि वेळां कोसळला तरी घराची झोंप मोडणार नाहीं.