चार भिंतींआडचा मृत्यू

विवाहितेचा घरात संशयास्पद मृत्यू झाला की अमरावती-अकोल्यात काय किंवा पुण्यात काय, लोकांचा निकाल पंचनाम्याआधीच लागतो. न्यायालयाला एवढी घाई परवडत नाही. १९८२ साली पुण्यात सायनाइडने मृत्युमुखी पडलेल्या मंजुश्री सारडा यांच्या पतीची फाशी उच्च न्यायालयाने कायम केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली त्यांना निर्दोष सोडले. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी अखंड हवी, संशयाचा फायदा आरोपीलाच, हे त्या निकालाचे सूत्र. ते अनेकांना बोचले; पण योग्यच होते.

तथापि चार भिंतींआड साक्षीदार आणायचा कोठून? २००६ साली महाराष्ट्रातीलच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले. घरात घडलेल्या मृत्यूचा समाधानकारक खुलासा पतीने केलाच पाहिजे. खोटा खुलासा ही साखळीतील आणखी एक कडी ठरते. अर्थात मूळ आरोप सिद्ध करण्याच्या भारातून सरकार पक्ष सुटत नाही.

म्हणून खरी कसोटी तपासाची. व्हिसेरा, पत्रे, शेजाऱ्यांचे जबाब पहिल्या दोन दिवसांत हाती लागले नाहीत, तर पुढे सरकारी वकिलाने कितीही घसा कोरडा केला तरी तुटलेली कडी सांधत नाही. आणि माहेरचे लोक मात्र तारखांमागून तारखांना वऱ्हाडातल्या खेड्यांतून सत्र न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत राहतात.