स्टेंटला लगाम, दाताच्या स्क्रूला का नाही?

पुण्यात कुठल्याही चौकात बघा, 'फिक्स दात बसवा'चा बोर्ड दिसतोच. दर विचारा, दवाखान्यागणिक वेगळा आकडा! २०१७ मध्ये केंद्राने हृदयातल्या स्टेंटच्या आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. जबड्यात बसणारा टायटॅनियमचा स्क्रू मात्र मोकाट. डॉक्टरांनी आपली फी जरूर घ्यावी. पण स्क्रू कुठल्या कंपनीचा, कितीचा, हे बिलावर वेगळं लिहा ना!

आणि ज्याला खासगी झेपत नाही त्याने जायचं कुठे? मुंबई महापालिका नायर दंत महाविद्यालय चालवते. आपल्या महापालिकेने २०२२ मध्ये मेडिकल कॉलेज काढलं. मग दातांचं कधी, असं मी जाहीर विचारतोय. की म्हाताऱ्यांनी भाकरी कायम दुधातच कुस्करायची?

पटलं तर शेअर करा.