आता मला काय करायच्यात साड्या?

मागच्या दिवाळीआधीची गोष्ट. आईला घेऊन साडीच्या दुकानात गेले होते. आई अडुसष्ट वर्षांची, बाबांना जाऊन चार वर्षं झालेली. आम्ही गादीवर बसतो न बसतो तोच विक्रेत्याने मला विचारलं, ''आजींसाठी ना? मग हे बघा.'' आणि राखाडी, बिस्किटी, फिकट आकाशी अशा दहा-बारा साड्या समोर टाकल्या. आईची नजर मात्र पलीकडच्या गठ्ठ्यातल्या जांभळ्या साडीवर. मी ती मागितली, तर आईच म्हणाली, ''राहू दे गं. आता मला काय करायच्यात साड्या!''

घरोघरी ऐकू येणारं हे वाक्य. पण ते खरंच हौस संपल्याचं वाक्य असतं का?

वय वाढलं की आवड बदलते, असं आपण सहज म्हणून जातो. नीट बघितलं तर आवडीपेक्षा जास्त बदलतं ते, पैसे कोणाचे आणि निवडणार कोण, हे. कॉलेजात असताना कुर्ती नाहीतर जीन्स घ्यायची तर पैसे बाबांचे, परवानगी आईची. लग्न ठरलं की बस्ता. तिथे दोन्हीकडच्या बायकांची मतं आधी, नवरीचं सगळ्यात शेवटी. मुलं झाली की दिवाळीची यादी त्यांच्यापासून सुरू होते आणि आपल्यापर्यंत येईतो पैसे संपतात. चाळिशीनंतर साड्यांची खरेदी वाढते खरी, पण ती बहुतेक देण्याघेण्याची. वास्तुशांत, डोहाळजेवण, बारसं, ओटी! कपाट भरलेलं असतं; त्यातल्या स्वतः निवडलेल्या साड्या किती, हे एकदा मोजून बघा. आणि साठीनंतर तर कपडे 'येतात', आपण ते आणत नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र या चित्रात थोडा फरक पडू लागला आहे. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर ऑगस्ट २०२२ पासूनच प्रवास मोफत आहे. तालुक्याच्या बाजाराला जायला कोणाकडे भाड्याचे पैसे मागायचे, हा प्रश्न त्यामुळे हलका झाला. २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' योजना आली आणि महिन्याचे १५०० रुपये थेट बाईच्या खात्यात जमा होऊ लागले. त्यातले बहुतेक घरखर्चात, औषधात, मुलांच्या फीमध्ये जाणार, हे उघड आहे. तरी ते कुठे जावेत हे ठरवायची वेळ तिच्यावर येते, हेही काही कमी नाही. मात्र ही योजना २१ ते ६५ या वयाची. म्हणजे पासष्टीनंतर पुन्हा मुलाच्या तोंडाकडे बघणं आलंच.

बाजारातही बदल झालाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के जीएसटी लागतो. आधी ही मर्यादा १००० रुपयांची होती आणि त्यावर १२ टक्के. मूळ किंमत २००० असलेल्या ड्रेसवर पूर्वी २४० रुपये कर पडायचा, आता १०० पडतो. मात्र २५०० च्या वरच्या कपड्यांवर १८ टक्के आहे, तेव्हा बिल नीट बघा. मोबाइलवर कपडे मागवताना तर 'कोणासाठी?' असं विचारणारंच कोणी नसतं. फक्त पोत हाताला कळत नाही. म्हणून माप इंचात तपासायचं आणि कपडा परत घेण्याची अट आधी वाचायची.

वयाप्रमाणे खरेदी बदलावीच लागते, ती शरीरासाठी. पाळी जायच्या काळात अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो. तेव्हा सिंथेटिकपेक्षा सुती बरं. खांदा आखडला असेल तर पाठीमागे हूक असलेला ब्लाऊज म्हणजे रोजची शिक्षा. शिंप्याला पुढे हूक लावायला सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पायात येणारा लांब गाऊन दोन इंच वर घ्या. वयाने खरी मागणी एवढीच केलेली असते. फिकट रंगाची मागणी वय करत नाही, ती आजूबाजूचे करतात. नवरा नसला तर जरा जास्तच करतात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात सरकारनेही इतर गावांना तसं आवाहन केलं. पण साडीच्या रंगाचा ठराव कुठली ग्रामसभा करणार? तो घरातच व्हायला हवा. आणि तो लेकी-सुनांनीच करायचा. आईला, सासूला साडी आणून देण्यापेक्षा दुकानात घेऊन जा. ''हा रंग तुम्हाला शोभेल'' असं म्हणण्याआधी ''तुम्हाला कुठला आवडला?'' असं विचारा. पहिल्यांदा ''काहीही चालेल'' असंच उत्तर येईल. तर पुन्हा विचारा.

आमची ती जांभळी साडी त्या दिवशी घेतली. दिवाळीत आईने काही ती नेसली नाही, ''लोक काय म्हणतील'' म्हणत ठेवून दिली. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचं होतं. त्या दिवशी तीच नेसून दारात उभी! मी काही बोलायच्या आत म्हणाली, ''चल लवकर, रांग मोठी असते.''